हिरव्या शाईतल्या चाळीस सह्या

आमच्याकडे ऐंशीच्या घरातल्या माणसाबद्दल एकेरीत लिहीत नाहीत. मी लिहिणार आहे. जवळजवळ दोन वर्षं मी त्याला दिवसातून वीस वेळा ‘सर’ म्हणालो, तेवढं पुष्कळ झालं.

तो मोटारीतल्या नव्या वस्तूंचे शोध लावायचा. अख्खी मोटार नव्हे, तर ज्यांच्याकडे कुणी बघत नाही अशा वस्तू: सीट मागेपुढे करायचा दांडा, पेट्रोलच्या झाकणाची स्प्रिंग, मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून मागच्या दाराला असलेली कडी, काच धुण्याच्या पाण्याची थंडीत न गोठणारी तोटी. वर्कशॉपच्या ऑफिसातली एक अख्खी भिंत त्याच्या पेटंटांच्या फ्रेम्सनी भरली होती. जागा संपली तेव्हा उरलेल्या फ्रेम्स टॉयलेटकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये लावल्या होत्या. अमेरिकेत, मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीत आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या बहुतेक गाड्यांमध्ये त्याची एखादी तरी वस्तू होती. माझ्या जुन्या गाडीत दोन होत्या. रोज सकाळी त्याच्याकडे कामाला जाण्यासाठी मी त्याच्याच दांड्याने सीट पुढे ओढायचो.

माझे वडील हिंगोली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी बस डेपोत हेल्पर होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, पुढे सरकारी वसतिगृहात राहून इंजिनिअर झालो, आणि मग स्कॉलरशिपवर इथे येऊन एम. एस. केलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वसतिगृहाच्या रेक्टरपासून फॉर्म भरून देणाऱ्या क्लार्कपर्यंत कितीतरी लोकांचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ते सांगायला मला कधी लाज वाटली नाही. मुलाखतीतही मी हे सांगितलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. त्याने माझा रेझ्युमे उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने दाराचा लॅच काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“यात चूक कुठे आहे?”

मी दहा मिनिटं बघत होतो. सापडली नाही.

“दोन डिग्र्या,” तो म्हणाला, “आणि डोळा एकही नाही.”

तरी त्याने मला घेतलं. वस्तू गोठवून तपासायच्या थंडीच्या खोलीत उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हे मला नंतर कळलं.

तो स्वतः कॉलेजात गेला नव्हता. शेतीची अवजारं दुरुस्त करणाऱ्या बापाकडे हात चालवायला शिकला, मग डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेला. तिथल्या इंजिनिअरांनी त्याला कित्येक वर्षं मीटिंगच्या खोलीत बसू दिलं नाही, असं तो सांगायचा. ते सगळे इंजिनिअर मेले असतील. मी हयात होतो, म्हणून त्यांचा हिशेब माझ्याशी चालायचा. माझ्या पहिल्या टेस्ट रिपोर्टवर त्याने लाल पेन्सिलीने ‘बरं मग?’ एवढंच लिहिलं आणि तो कॉफीच्या मशिनवर चिकटवला. सहा जणांचं वर्कशॉप होतं आमचं. सहाही जण दिवसातून तीनदा कॉफी प्यायचे.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. कसब होतं त्याच्याकडे. लॅचचा नुसता खटका ऐकून कुठला दात झिजलाय ते तो सांगायचा, आणि खोलून बघितलं तर तोच झिजलेला असायचा. माझा जास्त संताप त्यामुळेच व्हायचा. तो नुसता बढाईखोर असता तर मी हसून सोडून दिलं असतं.

माझं काम त्याच्या वस्तू मोडायचं होतं. थंडीच्या खोलीत शून्याखाली तीसवर लॅच टांगायचा, पाण्याचा फवारा मारायचा, बर्फ धरू द्यायचा, मग हँडल ओढायचं आणि उघडलं की नाही ते वहीत लिहायचं. असं शंभर वेळा. तेव्हा तो एका नव्या लॅचवर काम करत होता. हँडल ओढताच आतली एक छोटी खुंटी आधी बर्फ फोडते आणि मग दार सुटतं, अशी कल्पना होती. ती खुंटी सुरुवातीला वारंवार अडकायची. मी बाहेर येऊन “नाही उघडलं, सर” म्हणायचो, तेव्हा माझ्या पापण्यांवर बर्फ असायचा आणि पोटात गुदगुल्या व्हायच्या. हेही कबूल करतो. पुढे जे झालं, त्यासाठी हे माहीत असायला हवं.

आता वहीबद्दल. इथे शोध लावणारे लोक आपली कल्पना एका शिवलेल्या, पानांना आकडे घातलेल्या वहीत शाईने लिहितात. पानाच्या तळाशी दोन ओळी छापलेल्या असतात. पहिलीवर लिहिणाऱ्याची सही आणि तारीख. दुसरीवर ‘वाचलं आणि समजलं’ असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे साक्षीदाराची सही आणि तारीख. साक्षीदाराने त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात पान वाचून सही करायची असते. कल्पना कधी सुचली यावर भांडण झालं तर ही दुसरी सही कामाला येते. त्याला हा सगळा प्रकार बायकी वाटायचा. तो पानामागून पान लिहून टाकायचा आणि दुसरी ओळ कोरी सोडायचा.

माझ्या पहिल्या ऑक्टोबरमध्ये एका दुपारी त्याने ती जाड वही माझ्या टेबलावर आपटली. मी थंडीच्या खोलीतली टेस्ट लावून आकडे येण्याची वाट बघत बसलो होतो.

“साक्षीदार हो,” तो म्हणाला. “चाळीस पानं आहेत. वर जी तारीख आहे तीच खाली टाक.”

“सर, आज तर...”

“आज काय तारीख आहे ते तुला माहीत असायची गरज नाही.”

लोक विचारतात, तेव्हा तुला शंका आली नाही का? खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. आमच्या तालुक्याला स्कॉलरशिपच्या फॉर्मला मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळ्यांच्या झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरची सही लागायची. मी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या पायरीवर तासन् तास उभा असायचो. साहेब आले की शिपाई माझा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवायचा. साहेब फोनवर बोलत, चहा पीत, एकाही कागदाकडे न बघता हिरव्या शाईने सटासट सह्या करायचे. तीस सह्या दोन मिनिटांत. वाचणं हे माझ्यासारख्यांचं काम, आणि न वाचता सही करणं हा मोठेपणा, असं मला तेव्हा वाटलं ते वाटलंच. त्यात आणखी एक होतं. समोरच्या वयस्कर माणसाचा कागद वाचून मग सही करायची म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. ते आपल्याला शिकवलेलं नाही.

ड्रॉवरमध्ये आलेखासाठी आणलेली रंगीत पेनं होती. मी त्यातलं हिरवं उचललं. दुसऱ्या कुठल्या रंगाचा विचारही मनात आला नाही. मेमधली पानं, जूनमधली, जुलैमधली. शेवटची काही पानं राहिली तेव्हा पेन संपलं, मग मी निळं घेतलं. तेवढ्यात टेस्टची घंटी वाजली. वही परत दिली तेव्हा मी मनातल्या मनात शिपायाला घंटी मारून बोलावत होतो.

पुढच्या वर्षी खटला आला. तो आधी एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीचा सल्लागार होता आणि त्याचा करार एप्रिलअखेर संपला होता. कंपनीचं म्हणणं, बर्फ फोडणारी खुंटी त्याला करार चालू असतानाच सुचली, म्हणून ती आमची. त्याचं म्हणणं, मेमध्ये सुचली, हे बघा वहीत तारखा आहेत आणि हा बघा साक्षीदार.

साक्षीदार मी होतो. जानेवारीत पलीकडच्या वकिलांसमोर शपथेवर जबानी द्यायची होती.

आमच्या बाजूच्या वकिलाने मला एकदाच बोलावलं. “खरं सांग,” तो म्हणाला. “विचारलं तेवढंच सांग. आणि आठवत नसेल तर ‘आय डोन्ट रिकॉल’ म्हण. त्यात काही गैर नाही.” मी त्याला चाळीस सह्यांची हकीकत सांगायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून पुढचा प्रश्न विचारला.

माझा व्हिसा त्या वर्कशॉपच्या नोकरीवर होता. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. बायकोचा व्हिसा माझ्यावर. रविवारी आम्ही ज्यांच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदनेला जमायचो, त्या काकांना मी विचारलं. तीस वर्षं इथे नोकरी करून रिटायर झालेले, आम्हा सगळ्यांचे अडीअडचणीचे मार्गदर्शक.

“अरे, आठवत नाही म्हण ना,” काका म्हणाले. “ते खोटं थोडंच आहे? मला परवाची भाजी आठवत नाही.”

“काका, पण मला आठवतंय.”

“मग विसर! दोन आठवडे आहेत की.”

“आणि आत्ता पंचशील घेतलं त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं?”

काका खुर्च्या घडी करत होते. एक माझ्या हातात दिली. “ते शील घेताना कुणी व्हिसा विचारत नाही बाबा. तुझं तू ठरव. मी तुझ्या जागी असतो तर गप्प बसलो असतो, आणि तू गप्प बसलास तर मी तुला कधी विचारणार नाही.”

बायको नागपूरची. ती असं गोल बोलत नाही. सकाळी डबा भरता भरता म्हणाली, “नोकरीचं जाऊ दे यार, बघू. पण तू त्याच्यासमोर अजून फॉर्मवर सही घ्यायला आल्यासारखा उभा राहतोस. तिथे तरी बसून बोल.”

जबानीच्या दिवशी तोच मला वर्कशॉपवरून त्याच्या गाडीतून मिनियापोलिसला घेऊन गेला. खटल्याबद्दल आपसात बोलायचं नाही अशी वकिलाची ताकीद होती. त्याने ती अक्षरशः पाळली. चाळीस मिनिटं तो फक्त व्हिसाबद्दल बोलत होता. शेजाऱ्याच्या जावयाला कसं परत पाठवलं, सामान कसं गराज सेलमध्ये विकावं लागलं, टीव्हीसुद्धा. “चांगला टीव्ही होता,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला.

खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला शब्द न् शब्द टिपून घेणारी बाई. ती मला उजवा हात वर करायला सांगेपर्यंत मला वाटत होतं, बघू ऐनवेळी. पलीकडची वकीलबाई माझ्याच वयाची होती आणि अतिशय सभ्य. तो माझ्या बरोबर समोर बसला होता. टेबलावरचं बॉलपेन खोलून त्याने त्याची स्प्रिंग तळहातावर घेतली होती.

वकीलबाईंनी आधी माझी टेस्टची वही दाखवली. “हे सगळं तुमचं अक्षर?”

“हो.”

“सगळीकडे निळं पेन. दोन वर्षं. बरोबर?”

“हो.”

मग त्याच्या वहीच्या रंगीत प्रती. “या साक्षीच्या सह्या मात्र हिरव्या. मेच्या सुरुवातीला हिरवा रंग ठसठशीत आहे. जूनमध्ये फिका होत जातो. जुलैच्या मध्यावर पेन संपतं आणि मग निळं येतं. अडीच महिने तुम्ही हे हिरवं पेन फक्त साक्ष द्यायला वापरत होतात?”

आमच्या वकिलाने हरकत नोंदवली. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मी साधा प्रश्न विचारते. “या चाळीस पानांवर तुम्ही त्या त्या तारखेला सही केली का?”

मला काकांचं वाक्य इंग्रजीत तयार मिळालं होतं. तीन शब्द. जिभेवर होते. समोर तो स्प्रिंग दाबत होता, सोडत होता. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. एखादा नट बसवताना असतो तसा चेहरा होता. मी बसणार, याची त्याला खात्री होती.

“नाही,” मी म्हणालो.

“मग कधी केलीत?”

“ऑक्टोबरमध्ये. सगळ्या एकाच दुपारी.”

“तारखा कुणाच्या सांगण्यावरून घातल्या?”

“यांच्या.”

“पानं वाचली होती?”

“एकही नाही.”

टिपून घेणाऱ्या बाईची बोटं थांबली. वकीलबाई कागद बाजूला ठेवत होत्या. त्यांचं काम झालं होतं. माझंही झालं होतं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

“आणि ते तेव्हा मला म्हणाले होते,” मी बोललो, “की आज काय तारीख आहे हे तुला माहीत असायची गरज नाही.”

आमच्या वकिलाने डोळे मिटले. वकीलबाईंनी मान वर केली आणि फार हळू आवाजात विचारलं, “नेमके हेच शब्द?”

“नेमके हेच.”

त्याने स्प्रिंग पेनात घातली, पेन बंद केलं, टक् करून बघितलं आणि टेबलावर ठेवलं.

परत जायला उबर बोलवावी हे मला सुचलंच नाही. माझी गाडी त्याच्या वर्कशॉपवर होती. पार्किंगमध्ये तो गाडीत बसला, माझ्या बाजूचं दार आतून उघडलं आणि म्हणाला, “बस.” मी बसलो.

हायवेच्या दोन्ही बाजूंना रस्ता साफ करणाऱ्या गाड्यांनी ढकललेल्या बर्फाचे मळकट ढीग होते. निम्म्या वाटेवर त्याने एका ठिकाणी बोट दाखवलं. “तिथे. मेच्या सुरुवातीला. गाडी बाजूला घेऊन काढली होती ती खुंटी, कॉफीच्या कपावर. घरी जाऊन वहीत उतरवली. ते पान खरं होतं.”

“असेल, सर.”

“असेल?”

“मला माहीत नाही. मी वाचलं नव्हतं.”

त्याने स्टिअरिंगवर तळहात मारला. वायपर फिरत होते.

“पहिली चार उत्तरं मी समजू शकतो,” तो शेवटी म्हणाला. “तुला शपथ दिली होती. तू भित्रा आहेस. भित्रे लोक खरं बोलतात. पण पाचवं तुला कुणी विचारलं नव्हतं.”

मी समोर बघत होतो.

“मजा आली?” त्याने विचारलं. “मला फक्त एवढं सांग. आता इथे कुणी टिपून घेत नाहीये. मजा आली?”

कुणी टिपून घेत नव्हतं हे खरं होतं. मी काहीही म्हणू शकलो असतो. माफी मागू शकलो असतो, तशी सवय होतीच. पण मला थंडीच्या खोलीतून बाहेर येताना वाटायचं तेच तेव्हा वाटत होतं, फक्त शंभरपट.

“हो,” मी म्हणालो.

“मग आता आपण सारखेच,” तो म्हणाला. मला मारलं असतं तर बरं, असं वाटलं.

वर्कशॉपच्या दारात त्याने गाडी थांबवली पण इंजिन बंद केलं नाही. “सोमवारी येऊ नकोस. तुझं सामान कुणीतरी पाठवेल.” मी उतरलो. माझ्या काचेवर बोटभर बर्फ होता, तो खरवडायला मला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो तिथेच गाडीत बसून माझ्याकडे बघत होता.

खटला पुढे आपसात मिटला म्हणे. पेटंट कुणाच्या नावावर गेलं ते मी कधी शोधलं नाही. ती खुंटी खरंच मेमध्ये सुचली असेल, तर माझ्या आळसाने आणि माझ्या हिरव्या पेनाने एका माणसाच्या खऱ्या गोष्टीचा पुरावा खोटा केला. असं असेल तर वाईट झालं. पण त्याच्यासाठी मला वाईट वाटत नाही. मी प्रयत्न करून बघितला आहे. साठ दिवसांतल्या त्रेपन्नाव्या दिवशी मला गवत कापायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली. तिथे कुणी काही सही करायला दिलं की मी आधी पूर्ण वाचतो. लोक घड्याळ बघतात. बघू देत.

त्या दिवशी काच खरवडून झाल्यावर मी गाडीत बसून बायकोला फोन केला.

“काय बोललास?”

“खरं.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग आवाज असा का? रडतोयस का तू?”

“थंडी आहे.”

“बसून बोललास ना पण?”

“बसून बोललो.”

“मग ये घरी. नोकरीचं बघू,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात माझ्याबद्दल जे होतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. पाचव्या उत्तराबद्दल मी तिला सांगितलं नाही. रविवारी काकांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली, त्यांनाही नाही. गाडीतल्या त्या ‘हो’बद्दल तर कुणालाच नाही.